चर्चेतील खुर्च्या आणि प्रश्न: मराठी वृत्तवाहिन्यांवरील चर्चांच्या निरीक्षण-प्रकल्पाच्या नोंदी

१६ जून २०२५

प्रकल्पाचा हेतू आम्ही मुद्दाम मर्यादित ठेवला आहे. मराठी वृत्तवाहिन्यांवर संध्याकाळी होणाऱ्या चर्चांमध्ये कोण बोलते, किती वेळ बोलते आणि कोणत्या प्रश्नावर बोलते, याची नोंद अशा रीतीने ठेवायची की तेच भाग दुसऱ्या कोणी पाहिले तर त्याच्याही हाती जवळपास तेच यावे. अमुक वाहिनी अमुक पक्षाची, असे ठामपणे सांगणाऱ्याला पुराव्याची गरज वाटत नाही आणि ते नाकारणाऱ्यालाही वाटत नाही; त्यामुळे मराठीत २००७ पासून चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या असूनही त्यांच्या चर्चांविषयीचा वाद बहुतेक वेळा आवडीनिवडीच्या पातळीवरच राहतो. निष्कर्ष काढताना कोणत्याही वाहिनीचे नाव न घेता कार्यक्रमाच्या रचनेविषयी बोलायचे, असे गटात ठरले.

कायद्याची बाजू आधी पाहून घेतली. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिच्यावर ना सरकारची मक्तेदारी असावी ना खासगी मालकाची, हे सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितले. तो निर्णय देणाऱ्या पीठावर न्या. पी. बी. सावंत होते. प्रसार भारती कायदा १९९० च्या बाराव्या कलमात परस्परविरोधी मते मांडणारा समतोल माहितीप्रवाह ठेवण्याचे आणि स्वतःचे कोणतेही मत किंवा विचारसरणी पुढे न रेटण्याचे बंधन आहे, परंतु ते सार्वजनिक प्रसारकापुरते. खासगी वाहिन्यांना लागू असलेल्या कार्यक्रम संहितेत काय दाखवू नये याची यादी आहे. विरोधी मताला जागा दिलीच पाहिजे, असे त्यात नाही. ब्रिटनमध्ये प्रसारण नियामक ऑफकॉमच्या संहितेत खासगी प्रसारकांनाही विषयाला साजेशा निःपक्षपातीपणाचे बंधन आहे, आणि अमेरिकेत १९४९ पासून असलेला तसा नियम १९८७ मध्ये रद्द झाला. आपल्याकडे खासगी वाहिन्यांपुरता हा विषय त्यांच्या स्वनियमनावर सोपवलेला आहे. तेव्हा कायद्यातून तयार मोजपट्टी मिळणार नाही. ती आम्हालाच करावी लागेल.

२० जून २०२५

नोंदपत्रकाचा पहिला मसुदा तयार झाला. रकाने असे: विषय, पडद्यावरची शीर्षकपट्टी, अँकरचा पहिला प्रश्न, प्रत्येक पाहुण्याची पडद्यावर दिलेली ओळख, त्याची खिडकी स्टुडिओतील की दुरून जोडलेली, बोललेला वेळ आणि व्यत्यय.

पहिल्याच भागांवर हे पत्रक वापरताना महाराष्ट्राचे एक खास दुखणे समोर आले. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेनेचे नाव व चिन्ह आणि ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादीचे नाव व चिन्ह एकेका गटाकडे दिल्यापासून राज्यात दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी आहेत. त्यात भाजप आणि काँग्रेस धरली की सहा पक्ष होतात. मनसे किंवा वंचित बहुजन आघाडीचा विषयाशी संबंध आला तर सात-आठ. प्रत्येकाला एक खिडकी दिली की पडदा भरतो. पक्षीय समतोल अगदी काटेकोर, पण ज्याच्या विषयी बोलणे चालले आहे तो शेतकरी, शिक्षिका, एसटीचा वाहक किंवा आशा सेविका यांच्यासाठी खिडकीच उरत नाही. त्यांचा आवाज येतो तो चर्चेआधी दाखवलेल्या काही सेकंदांच्या बाइटमध्ये, आणि बाइट देणाऱ्याला प्रतिप्रश्न करण्याची संधी नसते.

म्हणून पक्षीय समतोल आणि आवाजांची विविधता ही दोन वेगळी मापे ठेवायची आणि त्यांची बेरीज करून कोणताही एक गुणांक काढायचा नाही, असे ठरवले. एक वाढले की दुसरे घटते असे बऱ्याचदा घडताना दिसते, आणि एकच आकडा दिला तर नेमके तेच झाकले जाईल.

२५ जून २०२५

वेळ मोजण्याचा प्रश्न. खुर्च्या मोजणे सोपे असते, पण खुर्ची मिळाली म्हणजे बोलायला मिळालेच असे होत नाही. २१ सप्टेंबर २०२२ रोजी द्वेषमूलक भाषणाविषयीच्या याचिकांच्या सुनावणीत न्या. के. एम. जोसेफ यांनी वाहिन्यांवरील अँकरच्या भूमिकेकडे लक्ष वेधले होते आणि बोलू पाहणाऱ्या पाहुण्याचा आवाज बंद केला जातो, हेही नोंदवले होते. घरी बसून पाहणाऱ्याला हे नीट कळत नाही. ओठ हलताना दिसतात, आवाज येत नाही. तो तांत्रिक बिघाड होता की नियंत्रण कक्षात कोणी बटण दाबले होते, हे पडद्यावरून ठरवता येणार नाही. त्यामुळे 'आवाज बंद केला' असा रकाना न ठेवता 'बोलताना दिसतो, ऐकू येत नाही' असे जे दिसते तेवढेच लिहायचे.

व्यत्ययाचे दोन प्रकार केले: वाक्य पूर्ण होण्याआधी अँकरने थांबवणे आणि दुसऱ्या पाहुण्याने मध्येच बोलणे. दुसरा प्रकार घडत असताना अँकरने काय केले, हेही त्यासोबत लिहायचे. एका प्रवक्त्याला मध्ये बोलू देणे आणि दुसऱ्याला "आपली वेळ येईल" म्हणून थांबवणे यातला फरक पाहणाऱ्याला क्षणभर जाणवतो आणि ब्रेकनंतर विसरला जातो. सलग नोंदीत तो राहतो. अँकरचा स्वतःचा वेळ वेगळा मोजतो आहोत. काही कार्यक्रमांत सर्वांत जास्त बोलणारी व्यक्ती अँकरच आहे, आणि त्या बोलण्यात प्रश्न कमी व विधाने अधिक आहेत.

१ जुलै २०२५

पहिलीपासून हिंदीचा विषय या पंधरवड्यात जवळजवळ रोज होता. घटनाक्रम असा: १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य झाली, १७ जूनच्या सुधारित निर्णयात ती 'सर्वसाधारणपणे' तिसरी भाषा ठरली आणि दुसरी भारतीय भाषा हवी असल्यास त्या इयत्तेतील किमान २० विद्यार्थ्यांची अट आली, २९ जूनला मुख्यमंत्र्यांनी दोन्ही निर्णय रद्द केले व डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे जाहीर केले.

आमच्या दृष्टीने या काळातील महत्त्वाची सामग्री म्हणजे शीर्षकपट्ट्या आणि पहिले प्रश्न. हे सारे सलग लिहून काढले तेव्हा विषय कसा सरकत गेला ते स्पष्ट दिसले. सुरुवातीला सहा वर्षांच्या मुलाने किती भाषा शिकाव्यात, असा प्रश्न होता. मग हिंदीची सक्ती कोणाच्या सांगण्यावरून, असा झाला. त्यानंतर शैक्षणिक धोरणाविषयीच्या माशेलकर समितीचा अहवाल कोणाच्या मंत्रिमंडळाने स्वीकारला, यावर आला, आणि शेवटी दोन्ही ठाकरे बंधू एकत्र येणार का, येथे पोहोचला. प्रत्येक टप्प्यावर उत्तर देण्यास योग्य माणूस बदलत गेला. पहिल्या प्रश्नाला बालशिक्षणातील जाणकार लागतो; शेवटच्या प्रश्नाला प्रवक्ता पुरतो, आणि 'राजकीय विश्लेषक' तर आवडीने येतो. पाहुण्यांची यादी तपासून पक्षपात शोधणाऱ्याला यात काहीच आक्षेपार्ह सापडणार नाही, कारण त्या प्रश्नासाठी ती यादी योग्यच होती. कोणाला बोलवायचे हे प्रश्न ठरवतानाच निम्मे ठरून जाते.

याच विषयात एक अपवादही नोंदवला पाहिजे. आंदोलनाचा मोठा भाग पक्षांच्या बाहेरच्या भाषा कार्यकर्त्यांनी आणि शिक्षणक्षेत्रातील लोकांनी चालवला असल्यामुळे त्यांना सुरुवातीच्या दिवसांत खुर्ची मिळाली आणि चर्चेचा दर्जा तेव्हा खरोखर वेगळा होता. पक्ष मैदानात उतरल्यावर त्या खुर्च्या पुन्हा प्रवक्त्यांकडे गेल्या.

शिवाय दोन मुद्दे असे, जे आम्ही पाहिलेल्या भागांत मुख्य चर्चेपर्यंत पोहोचले नाहीत. वीस विद्यार्थ्यांची अट प्रत्येक इयत्तेसाठी होती, तर संपूर्ण शाळेचीच पटसंख्या वीसच्या आत असलेल्या शाळा राज्यात हजारोंनी आहेत. अशा शाळेत पर्याय कागदावरच राहिला असता. एका शिक्षकाने बाइटमध्ये हे अतिशय स्वच्छ शब्दांत सांगितले, पण पुढे त्यावर एकही प्रश्न विचारला गेला नाही. दुसरा मुद्दा मेळघाटातील कोरकू, नंदुरबारमधील भिली किंवा गडचिरोलीतील गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या मुलांचा. त्यांच्यासाठी पहिलीच्या वर्गातली मराठी हीच दुसरी भाषा असते. 'मराठी विरुद्ध हिंदी' या चौकटीत या मुलांची बाजू कोणतीच नाही.

८ जुलै २०२५

'राजकीय विश्लेषक' या ओळखीचे काय करायचे, यावर आजची बैठक गेली. ही उपाधी पडद्यावर कोणालाही लागते: निवृत्त संपादक, प्राध्यापक, कधीकाळचा पक्ष पदाधिकारी, निवडणूक सल्लागार, यूट्यूब वाहिनी चालवणारा. एखाद्याने पूर्वी पक्षात काम केले म्हणून त्याचे विश्लेषण खोटे ठरत नाही. परंतु पाहणाऱ्याला ते माहीत असण्याचा हक्क आहे. म्हणून पडद्यावरची ओळख आहे तशी लिहून तिच्यापुढे 'सार्वजनिक नोंदीतील पक्षीय पद, असल्यास' असा रकाना ठेवला. त्यात निवडणूक लढवल्याची, पक्षाच्या अधिकृत पदाची किंवा सरकारी महामंडळावर नेमणुकीची नोंद असेल तरच लिहायचे. समाजमाध्यमांवरील मजकुरावरून कल ठरवायचा नाही. गटातील एका सदस्याचा याला विरोध होता, कारण त्यांच्या मते कल सर्वांना माहीतच असतो. 'सर्वांना माहीत असते' या प्रकारच्या ज्ञानातून बाहेर पडण्यासाठीच तर हा प्रकल्प आहे, यावर अखेर एकमत झाले.

१६ जुलै २०२५

जातीचा रकाना असावा की नसावा. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वृत्तमाध्यमांतील १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदांवर तथाकथित उच्च जातींतील व्यक्ती आढळल्या होत्या, आणि हिंदी-इंग्रजी वाहिन्यांच्या प्रमुख चर्चांत पाहुण्यांची निवडही बहुतांशी त्याच वर्तुळातून होत असल्याचे दिसले होते. सत्यशोधक चळवळीच्या आणि दलित साहित्याच्या प्रांतात हा प्रश्न विचारायचा नाही, तर कुठे विचारायचा?

अडचण पद्धतीची आहे. आडनावावरून जात ठरवण्याची रीत महाराष्ट्रात फसते. जाधव, पवार, गायकवाड, मोरे, शिंदे ही आडनावे मराठा, बौद्ध, भटक्या-विमुक्त अशा अनेक समाजांत आहेत, आणि अंदाज बांधणारा माणूस बहुधा स्वतःच्याच अनुभवाच्या वर्तुळातून अंदाज बांधतो. म्हणून दोनच गोष्टी लिहायच्या: व्यक्तीने स्वतः कार्यक्रमात किंवा सार्वजनिक जीवनात आपली सामाजिक ओळख सांगितली असेल तर ती, आणि तिला ज्या विषयासाठी बोलावले तो विषय. दुसऱ्या गोष्टीतून काहीतरी वेगळेच हाती लागत आहे. दलित किंवा मुस्लीम वक्ता अत्याचार, आरक्षण किंवा धार्मिक तणाव या विषयांवर हमखास दिसतो. अर्थसंकल्प, पीकविमा, मेट्रो किंवा विजेच्या दरावरील चर्चेत तो क्वचितच असतो. उपस्थिती मोजली तर आकडा बरा येईल, पण ज्याला केवळ स्वतःच्या समाजाविषयीच बोलायला बोलावतात त्याला नागरिक म्हणून बोलावलेले नसते.

२३ जुलै २०२५

स्त्रियांच्या सहभागाची नोंद. जगभरच्या बातम्यांची दर पाच वर्षांनी पाहणी करणाऱ्या जागतिक माध्यम निरीक्षण प्रकल्पात १९९५ साली बातम्यांतील व्यक्तींमध्ये स्त्रियांचे प्रमाण १७ टक्के होते आणि २०२० मध्ये ते २५ टक्क्यांवर आले. उपयोगी धडा मात्र बीबीसीच्या २०१७ च्या प्रयोगातून मिळतो. रॉस ॲटकिन्स यांच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात सुरुवातीस ३९ टक्के असलेले स्त्रियांचे प्रमाण चार महिन्यांत वाढून ५० टक्क्यांवर गेले, आणि त्यामागचा मुख्य नियम असा होता की ज्यांची निवड आपल्या हाती आहे त्यांचीच मोजणी करायची. बातमी ज्याच्यामुळे घडली तो मंत्री पुरुष असेल तर त्यात संपादकाची निवड नसते.

हाच नियम आमच्या पत्रकाला लावला. पक्ष कोणता प्रवक्ता पाठवेल हे पुष्कळदा पक्ष ठरवतो, तर विश्लेषक, तज्ज्ञ आणि सामान्य नागरिक वाहिनी निवडते. दोन्ही गट वेगळे ठेवल्यावर असे दिसते की प्रवक्त्यांत स्त्रिया बऱ्यापैकी आहेत, कारण पक्षांनी जाणीवपूर्वक महिला प्रवक्त्या तयार केल्या आहेत. वाहिनीने निवडलेल्या तज्ज्ञांत त्या कमी आहेत. जेथे निवड संपादकाच्या हाती आहे तेथेच विविधता कमी असावी, हे मला अनपेक्षित होते.

१ ऑगस्ट २०२५

नोंदींची विश्वासार्हता. एकच भाग दोघांनी स्वतंत्रपणे पाहून भरलेली पत्रके जुळवली. टक्केवारीत पाहिले तर जुळणी भरपूर दिसते, परंतु अनेक रकान्यांत 'नाही' हेच उत्तर बहुतांश वेळा येते, त्यामुळे ती फसवी आहे. योगायोगाची जुळणी वगळणारे क्रिपेनडॉर्फ यांचे माप वापरतो आहोत. त्याच्या रूढ संकेतानुसार ०.८०० च्या वर भरवसा ठेवता येतो आणि ०.६६७ च्या खाली निष्कर्ष काढू नयेत. वेळ, ओळख आणि ठिकाण हे रकाने उत्तम जुळतात. 'अँकरचा सूर' हा रकाना जुळला नाही आणि तो पत्रकातून काढून टाकला. त्याऐवजी अँकरचे वाक्य प्रश्न आहे की विधान, एवढेच लिहायचे.

८ ऑगस्ट २०२५

वृत्तवाहिन्यांच्या गेस्ट को-ऑर्डिनेशन, म्हणजे पाहुणे जमवणाऱ्या विभागात काम केलेल्या एका व्यक्तीशी दीर्घ बोलणे झाले. दुपारच्या बैठकीत विषय ठरतो आणि संध्याकाळपर्यंत पाहुणे जमवायचे असतात. त्यामुळे फोन आधी त्यांनाच जातो जे उचलतात, ज्यांच्याकडे नेट चांगले आहे आणि जे वीस सेकंदांत टोकदार बोलतात. एकदा यादीत नाव आले की ते वर्षानुवर्षे राहते. कोविडनंतर घरबसल्या जोडण्याची सोय झाली, पण दुरून जोडलेल्या खिडक्याही बहुतेक मुंबई-पुण्यातल्याच असतात. कांदा निर्यातबंदीच्या काळात, म्हणजे ८ डिसेंबर २०२३ ते ४ मे २०२४ या दरम्यान, लासलगावहून ओबी व्हॅनने थेट दृश्ये येत, पण तेथील शेतकरी बाजार समितीत उभा राहून बोलत असे आणि चर्चा स्टुडिओत चाले.

मालकाचा किंवा पक्षाचा दबाव असतोच, हे त्यांनी नाकारले नाही. पण त्यांच्या मते रोजच्या यादीवर दबावापेक्षा घाईचा परिणाम अधिक होतो, आणि दबावाला यादी बदलण्याची गरजही पडत नाही, कारण विषय बदलला की पुरते. हे एकाच माणसाचे मत आहे, तरी ते १ जुलैच्या नोंदीशी जुळते.

२० ऑगस्ट २०२५

रिकाम्या खुर्चीची नोंद कशी करायची? काँग्रेसने मे २०१९ च्या अखेरीस महिनाभर आपले प्रवक्ते चर्चांना पाठवले नव्हते. इंडिया आघाडीने १४ सप्टेंबर २०२३ रोजी १४ अँकरांच्या कार्यक्रमांवर बहिष्कार जाहीर केला. अशा काळात त्या पक्षाची अनुपस्थिती वाहिनीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, आणि बहिष्काराकडे बोट दाखवून वाहिनीने त्या मताचा दुसरा कोणी शोधलाच नाही, तर तेही सोडून देता येणार नाही. 'बोलावले नाही', 'नकार दिला' आणि 'पडद्यावर कारण सांगितले नाही' असे तीन पर्याय ठेवले. प्रत्यक्षात तिसराच बहुतेक वेळा भरावा लागतो.

तक्रारींचे निवाडेही वाचून झाले. वृत्तवाहिन्यांच्या स्वनियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस काही हिंदी वाहिन्यांना कार्यक्रम काढून टाकण्यास सांगून एका वाहिनीस एक लाख व दुसरीस पन्नास हजार रुपयांचा दंड केला. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ च्या निकालात स्वनियमनाला कायद्याचे बळ नसल्याकडे लक्ष वेधले होते आणि एक लाखाची मर्यादा तोकडी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटले. तथापि ही सर्व यंत्रणा एकेका कार्यक्रमाचा विचार करते. वर्षभर एका प्रकारच्या माणसाला बोलावलेच नाही, ही तक्रार कोणत्या भागाविरुद्ध करणार?

५ सप्टेंबर २०२५

मराठा आरक्षणाचा आठवडा. २९ ऑगस्टपासून आझाद मैदानावर मनोज जरांगे यांचे उपोषण, २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटियरसंबंधीचा, म्हणजे निजामकालीन नोंदींच्या आधारे कुणबी दाखले देण्याविषयीचा शासन निर्णय. चर्चांची मांडणी बहुतेक ठिकाणी मराठा विरुद्ध ओबीसी अशी दोन बाजूंची होती आणि दोन्ही बाजूंना जवळपास सारखा वेळ मिळाला. पक्षीय किंवा सामाजिक झुकाव शोधणाऱ्याने या भागांना चांगले गुण दिले असते.

शासन निर्णय हा दोन-तीन पानांचा मजकूर आहे. त्यात गावपातळीवरच्या समितीने स्थानिक चौकशी करण्याची तरतूद आहे. ती चौकशी कशी होते, जुन्या नोंदी कोणत्या लिपीत असतात, वंशावळ कशी जुळवतात, हे सांगू शकणारे निवृत्त तलाठी, नायब तहसीलदार किंवा मोडी वाचक राज्यात पुष्कळ आहेत. सेवेतील कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियमांमुळे असे बोलता येत नाही, हे खरे, निवृत्तांना येते. आम्ही पाहिलेल्या भागांत त्यांच्यापैकी कोणी नव्हते. निर्णयामुळे जिंकले कोण, यावर तासभर बोलणे झाले आणि निर्णयात लिहिले काय आहे हे वाचून दाखवायला वेळ उरला नाही. ओबीसींच्या आतल्या लहान बलुतेदार जाती आणि भटके-विमुक्त यांच्यासाठी वेगळी खिडकी नव्हती. 'ओबीसी नेते' या एका खिडकीत ते सारे आले, असे धरले गेले.

या नोंदीनंतर पत्रकात 'कागद वाचणारा' असा रकाना वाढवला: ज्या दस्तऐवजावर चर्चा आहे त्यातील मजकूर प्रत्यक्ष उद्धृत करणारी व्यक्ती चर्चेत होती का, आणि असल्यास तिला तो पूर्ण वाचू दिला का.

१९ सप्टेंबर २०२५

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका ३१ जानेवारी २०२६ पर्यंत घ्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने १६ तारखेला सांगितले आहे. निरीक्षणाची दुसरी फेरी याच काळात होईल. त्यासाठी 'सत्ताधारी' आणि 'विरोधक' हे रकाने तसेच ठेवता येणार नाहीत. राज्यात मित्र असलेले पक्ष एखाद्या महापालिकेत समोरासमोर उभे राहू शकतात. आणि मुंबई-पुण्यासह बऱ्याच महापालिकांत मार्च २०२२ पासून प्रशासक असल्याने तेथे रूढ अर्थाने सत्ताधारी पक्षच नाही. रस्ते, पाणी, कचरा, मालमत्ता कर यांचे निर्णय ज्या अधिकाऱ्याच्या सहीने झाले तो चर्चेला येत नाही, आणि त्या निर्णयांचे श्रेय वा दोष वाटून घ्यायला सहा प्रवक्ते येतात. नव्या पत्रकात त्या दोन रकान्यांऐवजी 'निर्णय कोणाच्या सहीचा' आणि 'उत्तर कोणी दिले' असे दोन रकाने घातले असून पत्रक छपाईला दिले आहे.